पूजा सिंगची उंच उडी : क्रीडागुणवत्ता आणि मानवी भांडवल



मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी या शहरात आशियाई अॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा पार पडल्या. महिलांच्या उंच उडीत भारताच्या पूजा सिंगने १.८९ मीटर उंची पार करून सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी तिचे वय अवघे १८ वर्षे होते. या स्पर्धेत महिलांच्या उंच उडीचे सुवर्णपदक यापूर्वी एकाच भारतीय खेळाडूने जिंकले होते : बॉबी अलॉयसियस यांनी, २००० साली जाकार्ता येथे. म्हणजे दोन सुवर्णपदकांमध्ये पाव शतकाचे अंतर आहे. गुमी येथे दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या उझबेकिस्तानच्या खेळाडूने १.८६ मीटर उंची पार केली होती. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत फरक होता तो फक्त तीन सेंटिमीटरचा.

हे तीन सेंटिमीटर कोठून येतात? देशाच्या विकासाचा विचार करणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण गुणवत्ता कोणत्या घरात जन्माला येईल हे कोणालाच ठरविता येत नाही; मात्र जन्माला आलेली गुणवत्ता फुलेल की कोमेजेल, हे मोठ्या प्रमाणावर समाजाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. पूजा सिंगच्या वाटचालीत ही गोष्ट स्पष्टपणे दिसते.

बोस्ती गावातील प्रारंभ

पूजा ही हरियाणाच्या फतेहाबाद जिल्ह्यातील बोस्ती गावची. तिचे वडील गवंडीकाम करतात. लहानपणी ती प्रथम योगाभ्यासाकडे वळली. तिच्या शरीराची लवचीकता, विशेषतः पाठीची कमान, पाहून प्रशिक्षकांनी तिला उंच उडीकडे वळविले. सरावासाठी रीतसर साहित्य उपलब्ध नव्हते. दोन खांबांमध्ये आडव्या दांडीच्या जागी बांबूची काठी लावावी आणि पलीकडे भाताचा पेंढा भरलेली पोती अंथरावीत, अशी व्यवस्था करून तिचे प्रारंभीचे प्रशिक्षण झाले.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. २०२३ साली दक्षिण कोरियातीलच येचॉन येथे झालेल्या २० वर्षांखालील आशियाई स्पर्धेत तिने १.८२ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ती भारतीय चमूतून उतरली, तेव्हा तिचे वय सोळा वर्षांचे होते. पुढील दोन वर्षांत तिच्या कामगिरीत सात सेंटिमीटरची भर पडली आणि ती आशियाई विजेती ठरली.

या यशाचे मूल्यमापन करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. महिलांच्या उंच उडीचा राष्ट्रीय विक्रम १.९२ मीटरचा असून तो सहाना कुमारी यांनी २०१२ साली नोंदविला होता. गुमीतील उडी त्याहून तीन सेंटिमीटर कमी होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी थेट पात्रतेची उंची १.९७ मीटर ठरविण्यात आली होती, तर जागतिक विक्रम युक्रेनच्या यारोस्लावा महुचिख हिच्या नावावर २.१० मीटरचा असून तो जुलै २०२४ मध्ये प्रस्थापित झाला. आशियाई अजिंक्यपद आणि जागतिक दर्जा यांत अद्याप बरेच अंतर आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. ते अंतर कसे कमी करावयाचे, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

तंत्र आणि साधन

अर्थशास्त्रात पूरक वस्तूंची संकल्पना परिचित आहे. एका वस्तूची उपयुक्तता दुसऱ्या वस्तूवर अवलंबून असते. पेनाला शाई लागते, पंपाला वीज लागते. उंच उडीचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरी याने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. त्याची पद्धत प्रचलित पद्धतींपेक्षा वेगळी होती. वक्राकार धाव घेऊन, दांडीकडे पाठ करून, प्रथम डोके व खांदे आणि शेवटी पाय पलीकडे नेण्याची ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली. शरीर कमानीसारखे वाकल्यामुळे खेळाडू दांडीवरून जात असतानाही त्याचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊ शकतो. तेवढ्याच ताकदीत अधिक उंची गाठता येते, हा या पद्धतीचा लाभ.

परंतु या पद्धतीत खेळाडू पाठीवर आणि मानेवर पडतो. वाळूच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या खड्ड्यात असे पडणे धोक्याचे असते. फोमच्या जाड गाद्या उपलब्ध झाल्यामुळेच हे तंत्र सुरक्षितपणे वापरणे शक्य झाले. म्हणजे तंत्राची कल्पना एका तरुणाच्या डोक्यात आली असली, तरी तिचा प्रसार होण्यासाठी भांडवली साधनाची जोड आवश्यक होती.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी ही गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ०.७ मीटर उंच असावी लागते. अशा प्रमाणित गादीची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते. ग्रामीण भागातील बहुसंख्य शाळांना हा खर्च पेलत नाही. परिणामी तेथील मुले एक तर या खेळाकडे वळतच नाहीत, किंवा पायावर उतरण्याची जुनी पद्धत शिकतात आणि मोठ्या स्पर्धेत गेल्यावर मागे पडतात. गुणवत्तेत उणेपणा नसतो. उणेपणा गादीचा असतो.

बोस्तीतील पेंढ्याची पोती याच दृष्टीने पाहिली पाहिजेत. याला महाराष्ट्रातही जोड सापडते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील देवगावचा शेतकरी कुटुंबातील सर्वेश कुशारे शाळेत उंच उडी शिकला, तेव्हा मक्याचा भुसा आणि कापूस यांचा वापर करून उतरण्याची जागा तयार करण्यात आली होती. फतेहाबादमध्ये भात पिकतो म्हणून पेंढा आणि निफाडमध्ये मका पिकतो म्हणून मक्याचा भुसा, एवढाच काय तो फरक. दोन्ही ठिकाणी भांडवलाची उणीव एका शिक्षकाच्या कल्पकतेने भरून काढली. ही बाब कौतुकास्पद खरीच. तथापि ज्या गावात असा शिक्षक नसेल, त्या गावातील मुलांचे काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र होतो. शिक्षकाचा उत्साह हा व्यवस्थेला पूरक असावा. तो व्यवस्थेला पर्याय ठरू शकत नाही.

कुटुंबाचा हिशेब

थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी मानवी भांडवलाचा विचार मांडला. शिक्षण, आरोग्य, प्रशिक्षण यांवर होणारा खर्च हा उपभोग नसून गुंतवणूक आहे, हे त्याचे सार. बेकर यांनी प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले : कोठेही उपयोगी पडणारे सामान्य प्रशिक्षण आणि एखाद्याच ठिकाणी उपयोगी पडणारे विशिष्ट प्रशिक्षण. बेकर यांचा विचार उद्योगसंस्थांच्या संदर्भात होता. पण तो खेळालाही लावता येतो. वाचन-लेखन किंवा गणित हे सामान्य कौशल्य आहे. १.८९ मीटर उडी मारण्याचे कौशल्य मात्र उंच उडीच्या मैदानाबाहेर फारसे उपयोगी पडत नाही.

यात एक मोठी जोखीम दडलेली आहे. मजुरीवर चालणाऱ्या घरातील मुलीने दहाव्या-बाराव्या वर्षापासून रोज चार-पाच तास सराव करावयाचा, तर तिचा आहार, बूट, प्रवास आणि औषधोपचार यांचा खर्च होतो. तो वेळ अभ्यासाला किंवा घरकामाला मिळत नाही, म्हणजे संधी-व्यय वेगळाच. घोटा किंवा गुडघा दुखावला, तर वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात निष्फळ ठरू शकते. मुलगी असेल तर सामाजिक दडपणही असते : ती बाहेरगावी एकटी कशी राहणार, तिचे लग्न केव्हा होणार, असे प्रश्न नातलग आणि शेजारी विचारू लागतात.

याउलट लाभ कसा मिळतो? शर्विन रोझेन यांनी १९८१ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार काही क्षेत्रांत गुणवत्तेतील लहानसा फरक उत्पन्नात प्रचंड फरक निर्माण करतो. क्रीडाक्षेत्र हे त्यांपैकीच एक होय. पहिल्या क्रमांकाला सन्मान, रोख पारितोषिक आणि नोकरी मिळते. चौथ्या क्रमांकाला बहुधा काहीच मिळत नाही. उंच उडीत एखाद्या उंचीवरील एक जादा चूकही पदक हिरावून घेऊ शकते, कारण समान उंची पार करणाऱ्यांमध्ये कमी चुका करणारा खेळाडू वरचा ठरतो.

खर्च निश्चित, लाभ अनिश्चित आणि अपयशाची शक्यता मोठी, असा हा व्यवहार आहे. सधन कुटुंब तो करू शकते, कारण अपयश आले तरी मुलाला दुसरी वाट उपलब्ध असते. गवंड्याच्या घराला असा व्यवहार परवडत नाही. तरीही पूजाच्या कुटुंबाने तो केला आणि तो यशस्वी झाला. मात्र ज्या कुटुंबांनी तो केला आणि अपयश पदरी घेतले, त्यांची नोंद कोठेही होत नाही. ज्यांनी तो करण्याचे धाडसच केले नाही, त्यांची तर नाहीच नाही. एका यशोगाथेवरून धोरण ठरविण्यातला धोका हाच आहे.

जोखीम वाटून घेण्याचे मार्ग

भारतातील उंच उडीपटूंच्या कारकिर्दी तपासल्या, तर ही जोखीम हलकी करण्याचे काही मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग नोकरीचा. सर्वेश कुशारे भारतीय लष्करात दाखल झाला. नियमित वेतन, आहार आणि प्रशिक्षण यांची हमी मिळाल्यावर त्याला दीर्घकाळ खेळता आले. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने २.२७ मीटर उडी मारली, २०२४ साली तो पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सहभागी झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. अंतिम फेरीत २.२८ मीटर ही स्वतःची सर्वोत्तम उडी मारून त्याने सहावा क्रमांक मिळविला. त्या वेळी तो तीस वर्षांचा होता. नोकरीची शाश्वती नसती, तर हा खेळाडू त्या वयापर्यंत मैदानावर राहिला असता का, याचा विचार करावा.

दुसरा मार्ग शिक्षणाचा. दिल्लीच्या तेजस्विन शंकर याने २०१६ साली, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, २.२६ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढील वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात गेला. तेथे त्याने लेखाशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याचबरोबर २०१८ साली राष्ट्रीय विक्रम २.२९ मीटरपर्यंत नेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेसाठीच्या चमूत प्रारंभी त्याचे नाव नव्हते. त्यासाठी त्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. अखेर सहभागाची संधी मिळाल्यावर २.२२ मीटर उडीसह त्याने कांस्यपदक जिंकले. राष्ट्रकुल स्पर्धांतील उंच उडीचे भारताचे हे पहिलेच पदक होते. पुढे तो दहा प्रकारांच्या डेकॅथलॉन स्पर्धेकडे वळला आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रौप्यपदक विजेता ठरला. बेकर यांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर विशिष्ट कौशल्याला सामान्य कौशल्याची जोड मिळाल्यामुळे त्याची जोखीम कमी झाली.

तिसरा मार्ग थेट सार्वजनिक साहाय्याचा. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने केवळ उंच उडीत चार पदके मिळविली : प्रवीण कुमारला सुवर्ण, निषाद कुमार आणि शरद कुमार यांना रौप्य, तर मरियप्पन थंगवेलू याला कांस्य. तमिळनाडूतील सेलम जिल्ह्याच्या मरियप्पनने पाच वर्षांचा असताना अपघातात पायाची गंभीर इजा सोसली. भाजी विकणाऱ्या आईने त्याला वाढविले. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले, ते १.८९ मीटर उडीचे. एका क्रीडाप्रकारात सातत्याने प्रशिक्षण आणि साहाय्य मिळाले, तर अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतूनही विजेते घडतात, हे या पदकांनी सिद्ध केले.

बक्षीस आणि गुंतवणूक

येथे मूळ मुद्द्याकडे यावयाचे आहे. क्रीडाक्षेत्रातील सार्वजनिक खर्चाचे दोन भाग पडतात : पदक मिळाल्यानंतर होणारा खर्च आणि पदकापूर्वी होणारा खर्च. पहिला म्हणजे बक्षीस, दुसरा म्हणजे गुंतवणूक.

बक्षिसे व्यर्थ असतात असे नव्हे. नीरज चोप्राने २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, तेव्हा हरियाणा शासनाने ६ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. अशा पारितोषिकांमुळे आणि शासकीय नोकऱ्यांमुळे त्या राज्यातील ग्रामीण कुटुंबांना खेळ हा प्रगतीचा मार्ग वाटू लागला, यात शंका नाही. बक्षिसाची अपेक्षा कुटुंबाला गुंतवणुकीस प्रवृत्त करते. परंतु प्रवृत्त होणे वेगळे आणि समर्थ असणे वेगळे. बक्षीस कितीही मोठे असले, तरी त्यातून बारा वर्षांच्या मुलीची आजची गादी विकत घेता येत नाही.

येथेच शासनाची भूमिका निर्णायक ठरते. एका कुटुंबाचे एकच मूल मैदानावर असते. ते अपयशी ठरले तर त्या कुटुंबाची संपूर्ण गुंतवणूक बुडते. शासनाने हजारो मुलांवर खर्च केला, तर त्यांपैकी थोडी विजेती ठरतात आणि उरलेल्यांचे अपयश संपूर्ण समाजात विभागले जाते. विमा ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व होय. शिवाय उरलेल्यांचा खर्च सर्वस्वी वायाही जात नाही. त्यांच्यातून निरोगी नागरिक, क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक घडतात. म्हणून जोखीम उचलण्याची सर्वांत जास्त क्षमता ज्याच्याकडे आहे, त्याने आधी पुढे यावे, हे आर्थिकदृष्ट्याही योग्य ठरते.

धोरणाची चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या क्रमांकाच्या नोंदीत, समाविष्ट आहे. त्यामुळे मैदाने, शालेय क्रीडाशिक्षण आणि जिल्हा पातळीवरील सुविधा ही प्रामुख्याने राज्यांची जबाबदारी ठरते. केंद्र शासन राष्ट्रीय धोरण, योजना आणि आंतरराष्ट्रीय सहभाग यांद्वारे त्यास पूरक कार्य करते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेनंतर १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना झाली. राष्ट्रीय क्रीडा धोरण प्रथम १९८४ आणि नंतर २००१ साली तयार करण्यात आले.

ऑलिम्पिक पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंसाठी २०१४ साली ‘टॉप्स’ ही योजना सुरू झाली. २०१७ साली मंजूर झालेल्या सुधारित ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमात निवडलेल्या खेळाडूला दरवर्षी ५ लाख रुपये याप्रमाणे ८ वर्षे साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. मार्च २०२४ मध्ये ९ ते १८ वर्षे वयोगटातील गुणवत्ता शोधण्यासाठी ‘कीर्ती’ हा उपक्रम सुरू झाला. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती २०२५’ या नावाने नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर केले. जागतिक दर्जाची कामगिरी, आर्थिक विकास, सामाजिक विकास, लोकचळवळ आणि शिक्षणाशी सांगड हे त्याचे पाच आधारस्तंभ आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ग्रामीण खेळांच्या तसेच ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्च उद्योगांच्या सामाजिक दायित्वात धरला जातो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या योजनांचा क्रम पाहिला, तर धोरणाचा रोख हळूहळू पदकाकडून गुणवत्तेच्या शोधाकडे, म्हणजे शिखराकडून पायथ्याकडे, सरकत असल्याचे दिसते. ही दिशा योग्य आहे. तथापि शोध घेणे पुरेसे नाही. ज्या मुलीने दांडी आणि गादी कधी पाहिलीच नाही, तिची गुणवत्ता चाचणीत कशी दिसणार? त्यामुळे तालुक्यातील निदान एका शाळेत उंच उडीची सुरक्षित गादी, प्रशिक्षित क्रीडाशिक्षक, मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह, दुखापतीवर वेळीच उपचार आणि खेळासोबत शिक्षण चालू ठेवण्याची सोय, या पाच गोष्टींना अग्रक्रम मिळणे आवश्यक आहे. यांपैकी एकही गोष्ट चकचकीत नाही. परंतु बोस्ती आणि देवगाव या दोन्ही गावांत नेमक्या याच गोष्टींची उणीव माणसांनी स्वतःच्या बळावर भरून काढली होती.

समारोप

पूजा सिंगची कारकीर्द आता कोठे सुरू झाली आहे. १.८९ पासून १.९७ मीटरपर्यंतचे आठ सेंटिमीटर ती पार करील किंवा न करील. खेळात कोणतेही भाकीत धाडसाचेच ठरते. उंच उडीत तर विजेत्याची स्पर्धाही बहुधा दांडी पडूनच संपते, कारण विजय निश्चित झाल्यावरही तो आणखी वरच्या उंचीसाठी प्रयत्न करीत राहतो. तेव्हा एखाद्या खेळाडूचे अपयश ही चिंतेची बाब नव्हे. एखाद्या मुलीला धाव घेण्याचीच संधी न मिळणे, ही मात्र खरी चिंतेची बाब आहे.

उद्या प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी या कारकिर्दीकडे केवळ सामान्य ज्ञानातील एक नोंद म्हणून पाहू नये. पदकाचे वर्ष, स्थळ आणि उंची पाठ करणे सोपे आहे. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत क्रीडासाहित्याच्या शीर्षाखाली ठेवलेली रक्कम मार्चअखेर परत जाते की एखाद्या गावात गादी होऊन पोहोचते, हे पाहणे त्याहून कठीण आहे. ते काम पुढे याच विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी हाती येणार आहे. गवंड्याच्या मुलीला पेंढ्याच्या पोत्यांवर विसंबून राहावे लागले, ही गोष्ट पुढील पिढीला केवळ इतिहास म्हणून वाचावयास मिळाली, तर गुमी येथील सुवर्णपदकाचा खरा अर्थ देशाला उमगला, असे म्हणता येईल.